चिऱ्याच्या आणि ग्रॅनाइटच्या क्लॅडिंगला सक्शन कप चालतो का?

म्हापशातल्या घराच्या दर्शनी भिंतीला क्लॅडिंग म्हणून खाली चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) फळ्या आणि वर २ बाय २ फुटी ग्रॅनाइट लावायचा असेल, तर दगड उचलून धरायला एकाच अवजारावर भागणार नाही.

ग्रॅनाइटला पंपवाला सक्शन कप, म्हणजे आतली हवा ओढून लादीला चिकटणारी रबरी मूठ, उत्तम. २० मिमी जाडीची ही लादी साधारण २० किलो भरते. कपावर लिहिलेली क्षमता बहुधा सरळ ओढीची असते. भिंतीवर मात्र भार खाली घसरतो, म्हणून निम्मीच धरा. रबर आणि लादी दोन्ही ओल्या फडक्याने पुसा, दगडाची भुकटी राहिली की हवा शिरते. पंपाच्या दांड्यावर लाल रेघ दिसली की पुन्हा दाबा. पॉलिश नसलेल्या खरखरीत फिनिशवर कप नीट धरत नाही.

चिरा तर सच्छिद्रच. त्यातूनच हवा आत येते, कितीही पंप मारा. तिथे वजनाने आवळणारा चिमटा घ्या, जबड्याला जाड रबर लावून. नाहीतर कडा भुगा होऊन सुटतात. पावसात भिजलेला चिरा जड होतो, कडाही लवकर ढासळते, म्हणून फळ्या झाकून ठेवा.

पहिल्या ओळीखाली लेव्हलमध्ये लाकडी पट्टी ठोका आणि ॲढेसिव्ह धरेपर्यंत काढू नका. कप सोडताना झडप दाबून आधी हवा आत घ्या. हिसका दिलात तर ओल्या ॲढेसिव्हवरून लादी सरकते आणि मागे पोकळी राहते. पुढे ठोकल्यावर ती पोकळ वाजते. माथ्यावरच्या ओळींना ॲढेसिव्हबरोबर लादी भिंतीला अडकवून ठेवणारे स्टेनलेस स्टीलचे क्लॅम्प हवेतच.