महाविद्यालय विकास समिती सहीपुरती राहू नये यासाठी नव्या सदस्याने काय करावं?

तालुक्याच्या गावातल्या तुमच्या जुन्या महाविद्यालयाच्या विकास समितीवर माजी विद्यार्थी म्हणून तुम्हाला घेतलं. पहिल्याच बैठकीत पाऊण तासात सगळे विषय ‘सर्वानुमते मंजूर’ झाले. आता काही उपयोगाचं काम करायचं तर सुरुवात कुठून करायची, असं तुम्ही विचारलंय. मी एका अनुदानित महाविद्यालयात आधी शिक्षक प्रतिनिधी म्हणून आणि पुढे प्राचार्य झाल्यावर सदस्य-सचिव म्हणून अशा बैठकांना बसलो आहे. त्या अनुभवावरून सांगतो, बैठकीआधी सदस्यांच्या हातात येणाऱ्या कागदांपासून सुरुवात करा. ते सुधारले की बैठक आपोआप सुधारायला लागते.

सगळ्यात आधी कायदा वाचा. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठे अधिनियम, २०१६ हा १ मार्च २०१७ पासून लागू झाला आणि त्याच्या कलम ९७ ने जुन्या स्थानिक व्यवस्थापन समितीच्या जागी महाविद्यालय विकास समिती आणली. जुनी मंडळी अजून तिला ‘एलएमसी’च म्हणतात. संस्थेचे अध्यक्ष आणि सचिव किंवा त्यांनी नेमलेली माणसं, एक विभागप्रमुख, निवडून आलेले तीन शिक्षक (त्यात किमान एक महिला), शिक्षकेतर कर्मचाऱ्यांचा एक प्रतिनिधी, चार स्थानिक सदस्य, आयक्यूएसीचे (महाविद्यालयातल्या अंतर्गत गुणवत्ता कक्षाचे) समन्वयक, विद्यार्थी परिषदेचे अध्यक्ष व सचिव आणि प्राचार्य अशी तिची रचना आहे. चार स्थानिक सदस्य शिक्षण, उद्योग, संशोधन आणि समाजसेवा या क्षेत्रांतले असावेत आणि त्यांत किमान एक माजी विद्यार्थी असावा, असं कायदाच म्हणतो. म्हणजे तुमची खुर्ची कुणाच्या मेहेरबानीवर नाही. वर्षातून किमान चार बैठका झाल्याच पाहिजेत, हेही त्याच कलमात आहे.

पण एक गोष्ट नीट समजून घ्या. समितीचे बहुतेक अधिकार शिफारशीचे आहेत. विकास आराखडा, अंदाजपत्रक, नवे अभ्यासक्रम, जादा पदं या सगळ्यांवर शेवटचा शब्द व्यवस्थापनाचा. म्हणून काही सदस्य ‘आपल्या हातात काय आहे?’ म्हणून गप्प बसतात. मला हे मुळीच पटत नाही. आकडे देऊन, कारण लिहून केलेली शिफारस इतिवृत्तात गेली की ती नाकारणाऱ्यालाही कारण द्यावं लागतं. महाविद्यालयांची गुणवत्ता तपासणारी ‘नॅक’ ही राष्ट्रीय संस्था मूल्यांकन करते तेव्हा हीच इतिवृत्तं बघितली जातात, हे प्रत्येक संस्थाचालकाला ठाऊक असतं.

आता कागदांविषयी. नेहमीची विषयपत्रिका तुम्ही पाहिलीच असेल: मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे, मग दोन-तीन विषय, आणि शेवटी ‘मा. अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय’. खरे मोठे विषय पुष्कळदा या शेवटच्या ओळीतून येतात. इमारतीवरचा मजला, नवी विनाअनुदानित तुकडी, एखादी मोठी खरेदी. कुणी काही वाचलेलं नसतं, मग माना डोलावल्या जातात. यावर उपाय असा, की पैशाचा किंवा पदांचा कोणताही विषय ऐनवेळी घ्यायचा नाही, त्याची टिप्पणी निदान आठवडाभर आधी सदस्यांना पोहोचलीच पाहिजे, असा ठराव एकदा करून घ्यायचा. टिप्पणी लांबलचक नको. विषय काय, खर्च किती, पैसा कोणत्या शीर्षातून (हिशेबातल्या कोणत्या सदरातून), दुसरा पर्याय काय होता, एवढं एका पानावर मावतं.

इतिवृत्त कायम करण्याला जोडूनच कार्यपूर्ती अहवाल मागा. मागच्या बैठकीत जे ठरलं त्यापुढे कोणी, केव्हा, काय केलं, हे लिहिलेला साधा तक्ता. मी सदस्य-सचिव असताना हा तक्ता विषयपत्रिकेत दुसऱ्या क्रमांकावर ठेवायला लागलो आणि फरक लगेच जाणवला. मुलींच्या विश्रांतिकक्षाचं काम प्रत्येक बैठकीत ‘लवकरच करण्यात येईल’ म्हणून पुढे ढकललं जात होतं. त्या ओळीपुढे जबाबदार व्यक्तीचं नाव आणि तारीख लिहिली गेली, आणि ते काम उभं राहिलं.

पैशाच्या बाबतीत जरा जास्तच सांगतो, कारण इथेच सदस्य सर्वांत आधी गप्प होतात. अंदाजपत्रक समोर येतं तेव्हा फक्त पुढच्या वर्षाचे आकडे बघू नका. गेल्या वर्षी शीर्षनिहाय तरतूद किती, खर्च किती, शिल्लक किती, असे तीन रकाने शेजारी शेजारी मागा. ग्रंथालय, जिमखाना, प्रयोगशाळा, विद्यार्थी कल्याण या नावांनी मुलांकडून फी घेतली जाते. ती त्याच कामाला लागली का, हे विचारण्याचा समितीला पूर्ण हक्क आहे. अनुदानित शिक्षकांचे पगार शासनाकडून येतात, त्यामुळे तिथे समितीला फारसं करण्यासारखं नसतं. विनाअनुदानित तुकड्यांचा हिशेब मात्र वेगळा मागा. स्वयंअर्थसहाय्यित, म्हणजे फीच्या पैशावर चालणाऱ्या, अभ्यासक्रमांचा आढावा घेणं हे कायद्यानेच समितीचं काम ठरवलेलं आहे. फी किती जमली, त्यातून शिकवणाऱ्याला किती मिळाले, उपकरणांवर किती गेले? हा प्रश्न शांतपणे, कुणावर रोख न ठेवता विचारला तर उत्तर द्यावंच लागतं.

चार बैठका आहेत तर त्या वर्षाच्या कामाशी जोडून घ्या. एक प्रवेश आणि वेळापत्रकाच्या वेळी, दुसरी शिष्यवृत्तीचे अर्ज सुरू असताना, तिसरी पहिल्या सत्राचे निकाल हातात आल्यावर आणि चौथी अंदाजपत्रकाची. शिष्यवृत्तीसाठी स्वतंत्र बैठक कशाला, असं वाटेल. पण महाडीबीटी या शासनाच्या शिष्यवृत्ती संकेतस्थळावर अर्ज कुठे अडकले, किती मुलांची खाती आधारला जोडलेली नाहीत, किती अर्ज त्रुटीसाठी परत आले, हे कार्यालयातल्या लिपिकाला तोंडपाठ असतं आणि समितीला त्याचा पत्ता नसतो. शिक्षकेतर प्रतिनिधीला हा विषय मांडायला सांगा. तो बोलायला लागला की महाविद्यालयाचं खरं चित्र समोर येतं.

विद्यार्थी प्रतिनिधींचंही तसंच. विद्यार्थी परिषद वेळेवर स्थापन झाली नाही तर या दोन खुर्च्या रिकाम्याच राहतात, म्हणून ती झाली का हे आधी विचारा. मुलं आली तरी अध्यक्ष आणि प्राचार्यांसमोर ती काय बोलणार? ‘विद्यार्थ्यांचे विषय’ असा कायमचा विषय पत्रिकेत वर ठेवा, शेवटी नको. सकाळचा पहिला तास आणि एसटीची वेळ जुळत नाही, ही गोष्ट मुलांशिवाय दुसरं कोण सांगणार? तासिका तत्त्वावरच्या (सीएचबी), म्हणजे तासांप्रमाणे मानधन मिळणाऱ्या, प्राध्यापकांनाही विसरू नका. समितीवरचे शिक्षक पूर्णवेळ शिक्षक आपल्यातून निवडतात, त्यामुळे सीएचबीवाल्यांना तिथे आवाज नाही. बैठकीआधी शिक्षक प्रतिनिधींनी त्यांच्याशी बोलून यावं, एवढं तरी तुम्ही सुचवू शकता.

एक नाजूक मुद्दा. बांधकाम, छपाई, संगणक यांचं काम समितीतल्याच कुणाच्या नातेवाइकाकडे असेल, तर त्या सदस्याने तो संबंध आधी सांगावा आणि त्या विषयापुरतं बाहेर जावं. याचा नियम कुणाचंही नाव समोर नसताना करून घ्या. प्रकरण घडल्यावर केलात तर तो एका माणसाविरुद्ध केल्यासारखा होतो आणि गावात वर्षानुवर्षं अबोला राहतो.

तुमच्या हातून होण्यासारखं आणखी एक काम आहे. नव्या शैक्षणिक धोरणामुळे पदवीच्या मुलांना कार्यप्रशिक्षण आणि क्षेत्रीय प्रकल्प करावे लागतात, आणि लहान गावात त्यासाठी जागा शोधताना प्राध्यापकांची दमछाक होते. नागरी बँक, बाजार समिती, साखर कारखाना, दवाखाने, सीएचे कार्यालय इथे तुमच्यासारख्या स्थानिक सदस्यांची ओळख असते. ती मुलांसाठी वापरा. सत्कारात मिळालेल्या शालीपेक्षा महाविद्यालयाला तुमचा हा उपयोग खूप मोठा आहे.

समितीने केलेल्या कामाचा ३० जूनला संपणाऱ्या वर्षाचा अहवाल व्यवस्थापनाला आणि विद्यापीठाला द्यावा लागतो. तो कार्यालयात बसून परस्पर लिहिला जातो का, हे पाहा आणि पाठवण्याआधी मसुदा बैठकीत ठेवायला सांगा.

आत्ता लगेच करायचं म्हणाल तर प्राचार्यांची वेळ घेऊन एकटे जाऊन भेटा. बैठकीत सगळ्यांदेखत अचानक प्रश्न टाकला तर ते बचावाच्या पवित्र्यात जातात. आधी भेटलात तर बहुतेक प्राचार्यांना मदतच वाटते, कारण त्यांनाही व्यवस्थापनापुढे काही गोष्टी एकट्याने मांडता येत नाहीत. गेल्या दोन वर्षांची इतिवृत्तं, शीर्षनिहाय जमाखर्च, शेवटचा लेखापरीक्षण अहवाल आणि नॅकने केलेल्या सूचना एवढं मागून घ्या आणि घरी बसून वाचा. मग पुढच्या बैठकीसाठी कार्यपूर्ती अहवालाचा एकच विषय लेखी द्या. सूचक म्हणून स्वतःचं नाव घाला आणि अनुमोदक म्हणून शिक्षक प्रतिनिधींपैकी कुणाला तरी आधीच विचारून ठेवा.