फरशी कुऱ्हाडीचा फरशीशी संबंध काय?

प्रश्न असा आहे: बातम्यांत 'फरशी कुऱ्हाडीने वार' असं वाचायला मिळतं, ही कुऱ्हाड फरशी फोडायची असते का?

नाही हो! दोन घावांत धारेला दाते पडतील. फरशी फोडायला छिन्नी-हातोडा असतो. फरशी कुऱ्हाडीचं पातं रुंद, पातळ आणि धार अर्धगोल. सरपण फोडायच्या कुऱ्हाडीचं पातं अरुंद, नेढ्याकडे, म्हणजे दांडा बसतो त्या भोकाकडे, जाड होत जाणारं. ओंडका फाकतो तो त्या जाडीनं, पाचर मारल्यासारखा. रुंद पातळ पातं ओंडक्यात रुतून बसतं, आणि उपटायला हिसके दिले की दांडा ढिला होतो.

शहाबादी 'फरशी' आली अरबी 'फर्श'वरून, फारसीमार्गे. फर्श म्हणजे अंथरलेलं. कुऱ्हाडीतली 'फरशी' म्हणजे परशू. हिंदीत तोच फरसा. 'फारसी बनावटीची म्हणून फरशी' ही तर निव्वळ थाप. मुळात 'फरशी कुऱ्हाड' म्हणजे कुऱ्हाडीवर कुऱ्हाड, पावरोटीसारखंच.

पण 'प'चा 'फ' का झाला? खरी गंमत इथे आहे. पाली भाषेत 'परसु' आणि 'फरसु' दोन्ही रूपं मिळतात. पनसाचा फणस झाला, पाशाचा फास. प्राकृताचा व्याकरणकार हेमचंद्र, त्यानं बाराव्या शतकात प-चा फ होणाऱ्या शब्दांचं सूत्रच केलं: पाटि, परुष, परिघ, परिखा, पनस, पारिभद्र. यादी दिली, कारण दिलं नाही. आणि नंतरचे काही लोक 'अपवाद' म्हणून पान उलटतात. हा आळस आहे. यादी नीट बघा. परुषात ष, परिघात घ, परिखेत ख, पनसात स, पारिभद्रात भ. परशू आणि पाश यांत श. पुढे कुठेतरी श्वास जोरानं सुटतो, आणि तोंड त्याच्या तयारीत 'प'लाच फुंकर घालून मोकळं होतं. एकटा 'पाटि' या टोळीत बसत नाही, हे कबूल. 'मग पशूचा फशू का नाही झाला?' असं विचारणारे भेटतातच. त्यांना एवढंच सांगतो की हा नियम म्हणू नका, जिभेचा कल म्हणा.

कुऱ्हाडीतही हकाराचीच करामत आहे. 'कुठार'चा प्राकृतात रीतसर 'कुढार' झाला, मठाचा मढ होतो तसा. ढ म्हणजे ड आणि ह. पुढे ड आणि र यांनी जागा बदलल्या, ह मात्र जागचा हलला नाही: कुऱ्हाड. तेव्हा कृपा करून 'ह'च्या डोक्यावर रफार देऊन 'कुर्हाड' छापू नका. रफारानं आघात येऊन 'कु' गुरू होतो. मराठी माणूस बोलताना तो लघूच ठेवतो.