पाळकसाहेबांना कारण विचारलं तर पाप होतं का?

मुंबईत माझ्याकडे समुपदेशनाला येणाऱ्या ख्रिस्ती कुटुंबांकडून हा प्रश्न इतक्यांदा ऐकलाय, की आता लिहूनच टाकते. पाळकसाहेब म्हणजे मंडळीचे, चर्चचे धर्मगुरू. निमित्त त्यांच्या एखाद्या नियमाचं: कधी मंगळसूत्राचं, कधी मुलाच्या दाढीचं, कधी जीन्सचं. धास्ती तीच.

भांडुपच्या एक बाई (तपशील बदललेत) कॉलेजात जाणाऱ्या लेकीला घेऊन आल्या. लेकीने केस मानेपर्यंत कापले म्हणून तिला चर्चच्या गायनातून काढलं, प्रभुभोजनही (उपासनेत मिळणारी भाकर आणि द्राक्षारस) थांबवलं. लेक निवांत होती. झोप आईची उडाली होती.

"पाळकसाहेब देवाचे अभिषिक्त. त्यांना कसं विचारायचं?"

"विचारलं तर काय होईल?"

"देव नाराज होईल."

"देव, की पाळकसाहेब?"

बाई गप्प. पुढची काही सत्रं आम्ही तिथेच घुटमळलो. मी मानसोपचारतज्ज्ञ अल्बर्ट एलिसच्या विवेकनिष्ठ पठडीतली, म्हणजे त्रास देणारे समज तर्काने तपासून बघणारी. श्रद्धेला हात लावत नाही. तिला चिकटलेली भीती तेवढी सोडवते.

बाई हाउसिंग सोसायटीत हिशेब लिहितात. एकदा विचारलं, "मंडळीत वर्गणी दिली की काय मिळतं?"

"पावती. २०० रुपये दिले तरी पावती."

"आणि प्रभुभोजन थांबवलं, त्याचं?"

त्यांनी पर्सची चेन उघडली, परत लावली. "पाळकीणबाईंचा नुसता फोन आला. कागद नाही, किती दिवस तेही नाही. मॅडम, व्हाउचरवर सही नसेल तर मी प्लंबरचे पैसेसुद्धा सोडत नाही!"

हे मी सुचवलं असतं तर वाया गेलं असतं. अशा वेळी गप्प बसणं मला बऱ्यापैकी जमतं, असं म्हणायला हरकत नाही.

पुढच्या वेळी त्या पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल घेऊनच आल्या. केस गुंफणं, सोन्याचे दागिने नकोत, हे पेत्राच्या पहिल्या पत्रातल्या तिसऱ्या अध्यायातलं; ते पाळकसाहेबांनी ऐकवलं होतं. त्याच पत्राच्या पाचव्या अध्यायात मंडळीच्या वडिलांना, म्हणजे पुढाऱ्यांना बजावलंय, की सोपवलेल्या लोकांवर धनीपण करू नका. "हे नाही वाचून दाखवलं," बाई म्हणाल्या.

तरी माझा सल्ला असा, की वचनाच्या अर्थावर वाद घालू नका. स्त्रियांच्या केसांचा विषय करिंथकरांस पहिल्या पत्रात, अकराव्या अध्यायातही आहे, आणि त्यावर मंडळ्यामंडळ्यांत मतभेद आहेत. तुम्ही साधं विचारा: नियम कुणी केला, कुठे लिहिलाय, मंडळीत घेताना सांगितला होता का, पुरुषांना काय लागू, शिक्षा कधीपर्यंत, फेरविचार कोण करणार. उत्तर लेखी मागा. तरुण मुलीला एकटीला मुळीच पाठवू नका. कॅथलिक किंवा सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) मंडळीत वर बिशप असतात. शाळेच्या हॉलमध्ये रविवारी भरणाऱ्या स्वतंत्र मंडळ्यांत मात्र पाळकांना विचारणारं बहुधा कुणीच नसतं. तिथे दोन-चार कुटुंबांनी मिळूनच जावं. नोंदणीकृत ट्रस्ट असेल तर १९५०च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली धर्मादाय आयुक्त ट्रस्टचा कारभार आणि हिशेब बघतात, मुलीचे केस नव्हे. त्या वाटेने फार आशा धरू नका.

बाई दिरांना घेऊन गेल्या. पाळकसाहेब चिडले नाहीत, "कमिटीपुढे ठेवतो" म्हणाले. कमिटीतल्या दोघांना असा नियम आहे हेच ठाऊक नव्हतं! प्रभुभोजन सुरू झालं. गायनाचं अजून अडलंय. त्यासाठी बाईंनी वेगळा अर्ज दिलाय, आणि त्याची पोच घेतलीये.