वजन उतरलं, आता हुरूपही उतरलाय

ताई, नमस्कार.

माझं वय ५३. चार वर्षांपूर्वी माझं वजन ११४ किलो होतं. मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहात असं डॉक्टरांनी सांगितलं आणि मी हादरलो. दीड वर्ष कडक पथ्य पाळलं, रोज चाललो, ७६ किलोवर आलो. साखर नॉर्मल झाली. रक्तदाबाची गोळी मात्र पहिल्यापासूनची तीच चालू आहे. तेव्हा लोक थांबवून विचारायचे, "काय केलंस रे?" आता कुणी विचारत नाही. उलट "गाल किती बसलेत, बरं नाही का?" म्हणतात. गेल्या आठ महिन्यांत चालणं कमी होत होत बंदच पडलं. सारखी भूक लागते, थकवा असतो, पटकन उठलं की डोळ्यांपुढे अंधारी येते. मागच्या महिन्यात हिय्या करून काट्यावर उभा राहिलो तर साडेएक्याऐंशी! काटा पलंगाखाली सरकवून दिला. पोटाची लोंबती कातडी बघवत नाही. कपाटात जुनी पँट ठेवली आहे, ती टाकायचा धीर होत नाही. वाटतं, लागेलच परत. बायको म्हणते, झालं ना आता, चार घास आमच्यासारखे खा. एवढं सगळं जमलं आणि साधं चालायला जाणं का जमत नाही?

– एक वाचक

नमस्कार.

आधी त्या अंधारीबद्दल बोलते, कारण बाकीच्या गोष्टी थोड्या थांबल्या तरी चालतील, ही नाही. वजन एवढं उतरलं की रक्तदाबही बहुतेकांचा खाली येतो. ११४ किलोच्या माणसाला ठरवून दिलेली गोळी ऐंशीच्या आसपास आलेल्या माणसाला जास्त होऊ शकते, आणि मग उठल्याबरोबर डोळ्यांपुढे अंधारी येते. हेच कारण असेल असं मी इथे बसून ठामपणे सांगू शकत नाही. हिमोग्लोबिन किंवा बी१२ कमी असलं तरी असं होतं. म्हणून याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा. बसून आणि उभं राहून, असा दोन्ही वेळचा रक्तदाब मोजून घ्या. हिमोग्लोबिन, बी१२, थायरॉइड आणि तीन महिन्यांची सरासरी साखर, एवढ्या तपासण्यांविषयी विचारा. गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. कदाचित ज्याला तुम्ही आळस समजून स्वतःवर चिडताय, त्यातला बराच भाग निव्वळ रक्तदाबाचा निघेल.

आता तुमचा प्रश्न. एवढं जमलं, मग हे का जमत नाही?

कारण ही दोन वेगळी कामं आहेत. घर बांधताना रोज एक थर वर चढताना दिसतो, येणारेजाणारे मान वर करून बघतात. बांधलेलं घर झाडूनपुसून ठेवणाऱ्याचं कौतुक करायला कुणी दारात येत नाही. तुम्ही दीड वर्ष ज्या जोरावर चाललात, तो जोर दर आठवड्याला खाली येणाऱ्या आकड्यातून आणि लोकांच्या "काय केलंस रे"मधून येत होता. आकडा थांबला, लोक थांबले. तो हुरूप संपणारच होता. तुमच्या जागी कुणाचाही संपला असता. माझं सांगणं एवढंच, की तो परत येईल म्हणून वाट बघू नका. तो येणार नाही, आणि तो आल्याशिवायही हे काम होतं.

आणि एक अन्याय तुम्ही स्वतःवर करताय तो थांबवा. सारखी लागणारी भूक हा तुमच्या स्वभावाचा दोष नाही. मेलबर्नच्या संशोधकांनी २०११ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. जाड असलेल्या ५० जणांना १० आठवडे अगदी कमी उष्मांकांच्या आहारावर ठेवलं होतं. वजन उतरल्यावर भूक वाढवणारं घ्रेलिन वाढलं, पोट भरल्याची खबर देणारी लेप्टिनसारखी हार्मोन्स घटली, आणि वर्षभरानंतरही ती पूर्ववत झाली नव्हती. म्हणजे शरीर गेलेलं वजन विसरत नाही, ते परत मागत राहतं. त्यात ३८ किलोचं ओझं कमी झाल्यावर तेवढंच अंतर चालायला ऊर्जाही कमी लागते. ताट तेच आणि चालणं तेच ठेवलं तरी पूर्वीइतका फरक दिसत नाही तो यामुळे. "वय झालं, आता चयापचय मंदावलं" असं जे सर्रास म्हणतात, ते मात्र तितकंसं खरं नाही. २०२१ साली मोठ्या आंतरराष्ट्रीय पाहणीत दिसलं, की शरीराचा आकार आणि स्नायू लक्षात घेतले तर २० ते ६० या वयात ऊर्जेचा खर्च जवळपास सारखाच राहतो. त्रेपन्नावं वर्ष तुमच्या आड आलेलं नाही.

आड येताहेत ते गेलेले स्नायू. पथ्य आणि नुसतं चालणं यावर वजन उतरवलं, की चरबीबरोबर स्नायूही जातात. ढोबळमानाने गेलेल्या वजनाचा चौथा हिस्सा असा असतो. तुमच्या पत्रात दीड वर्षाच्या पथ्याचा उल्लेख आहे, चालण्याचा आहे, पण वजन उचलण्याचा किंवा ताकदीच्या व्यायामाचा कुठेच नाही. मला वाटतं, तुमचं काम इथे आहे. तिशीनंतर स्नायू तसेही हळूहळू घटत असतात, त्यात ही भर. आणि वजन परत येतं तेव्हा मुख्यतः चरबीच परत येते, गेलेले स्नायू आपोआप येत नाहीत.

म्हणून इतके दिवस तुम्ही काहीतरी कमी करत होतात, आता काहीतरी वाढवायला घ्या. आज घरातल्या साध्या खुर्चीवर बसा, हात छातीवर घडी करा आणि हातांचा आधार न घेता उठा. पुन्हा बसा. (अंधारीचं निदान होईपर्यंत हे सावकाश, शेजारी कुणीतरी असताना.) किती वेळा जमतं ते कागदावर लिहून ठेवा. आठव्या वेळी मांड्या थरथरल्या तर आठ लिहा. महिन्याभराने ते दहा होतील, बारा होतील. भिंतीला हात टेकून दंड काढायचे, रबरी पट्टा ओढायचा, हलकी वजनं उचलायची, हे आठवड्यातून दोन दिवस. जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची शिफारसही हीच आहे: आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम दमाचा व्यायाम, आणि किमान दोन दिवस ताकदीचा. शक्य असेल तर पहिले काही दिवस जाणकार ट्रेनरकडून नीट शिकून घ्या. पाठ आणि गुडघे सांभाळायचे तर हे खरोखर महत्त्वाचं आहे. जेवणात प्रथिनं पुरेशी हवीत. तुमच्या वजनाला साधारण ८० ते ९५ ग्रॅम रोज, आणि मूत्रपिंडाचा काही त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारून. पोट जास्त वेळ भरलेलं वाटायलाही त्याने मदत होते.

चालण्याचं म्हणाल तर एकदम पूर्वीच्या तासाभरावर जाऊ नका. तुमचं घोडं तिथेच अडतंय, असं मला वाटतं. मनात तासभराचं चालणं, अंगात तेवढी ताकद नाही, म्हणून आज राहू दे. असे आठ महिने गेले. दहा मिनिटांवर या. दात घासल्यावर किंवा चहाचा कप खाली ठेवल्यावर, पण रोज त्याच गोष्टीच्या मागोमाग. लंडनमध्ये ९६ जणांवर केलेल्या एका अभ्यासात, तो २०१० मध्ये प्रसिद्ध झाला, नवी सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले. कुणाला १८ दिवस पुरले, कुणाला २५४ लागतील असा हिशोब निघाला. मला त्यातली सर्वांत दिलासा देणारी गोष्ट वाटते ती ही, की मध्ये एखादा दिवस चुकल्याने काही बिघडलं नाही. एक दिवस चुकला की "ये रे माझ्या मागल्या" म्हणून सगळंच सोडून द्यायचं, हे तुम्ही आम्ही मानून घेतलेलं आहे. दुसऱ्या दिवशी जाता येतं.

पुढे मात्र चालणं वाढवावं लागेल, ते लपवून ठेवत नाही. अमेरिकेत १९९४ पासून एक नोंदवही चालते. साडेतेरा किलोहून अधिक वजन उतरवून किमान वर्षभर टिकवलेल्यांची त्यात नोंद होते, आणि अशा दहा हजारांहून अधिक लोकांची माहिती तिथे जमली आहे. त्यातले बहुतेक जण रोज सरासरी तासभर हालचाल करतात, बहुतांश निव्वळ चालून, आणि आठवड्यातून एकदा तरी वजन करतात. तास ऐकून घाबरू नका. सकाळी वीस, दुपारी दहा, संध्याकाळी तीस मिनिटं असा तुकड्यातुकड्यांनी झालेला तासही तासच. त्या नोंदींतून आणखी एक कळलं: पहिली दोन वर्षं सर्वांत अवघड, दोन ते पाच वर्षं टिकवलं की पुढे टिकवणं सोपं जातं. तुम्ही अडीच वर्षांवर आहात. ३८ मधले साडेबत्तीस किलो अजून गेलेलेच आहेत. पत्रात तुम्ही साडेपाचाचाच हिशोब मांडलात, म्हणून हा आकडा मी मुद्दाम लिहिला.

काटा बाहेर काढा. ठरावीक वारी, सकाळी, पोट रिकामं असताना, आठवड्यातून एकदा. एखाद्या दिवशीचा किलो-दीड किलोचा फरक पाण्याचा आणि मिठाचा असतो, त्याने हुरळू नका आणि खचूही नका. वजन टिकवण्यावर २००६ साली झालेल्या एका चाचणीत लोकांना हिरवा, पिवळा, लाल असे पट्टे आखून दिले होते. ठरलेल्या आकड्याच्या वर साधारण १.४ किलोच्या आत असाल तर हिरवा. त्याच्या जरा पुढे गेलात की पिवळा, म्हणजे खाण्याकडे आणि चालण्याकडे थोडं लक्ष. सव्वादोन किलोच्या वर गेलात की लाल, म्हणजे वजन उतरवण्याचे जुने नियम लगेच पुन्हा सुरू. समोरासमोर बसून हे शिकलेल्यांचं वजन न शिकलेल्यांपेक्षा कमी परत आलं. कारण दोन किलोला हात घालणं जमतं, दहा किलोला घालवत नाही. तुमचा आधारआकडा सध्या ८१ धरा. पहिले तीन महिने वजन उतरवायचंच नाही, फक्त चढू द्यायचं नाही. ७६ चा हट्ट सोडा, असंच मी म्हणेन. जो आकडा टिकवताना दिवसभर भूक भूक होते, त्याच्यापेक्षा साखर ताब्यात ठेवणारे ७९ किंवा ८० बरे. तुमच्यासाठी नेमका आकडा कोणता, हे तपासण्यांचे रिपोर्ट हातात आले की डॉक्टरांशी बोलून ठरवा.

कातडीबद्दल खोटी आशा दाखवणार नाही. एवढी ताणलेली कातडी मलमाने किंवा मालिशने आवळत नाही. दंडांवर, मांड्यांवर स्नायू भरले की थोडा फरक दिसतो. पोटाचा फारसा नाही. वळ्यांमध्ये घाम साचून लाल चट्टे उठत असतील तर त्यावर उपचार घ्या. शस्त्रक्रियेचा पर्याय आहे, पण त्यासाठीही आधी वजन काही महिने एका जागी स्थिर राहावं लागतं. करायची की नाही हा सर्वस्वी तुमचा निर्णय, आणि करावीशी वाटली तर त्यात नटवेपणा काही नाही. पँट मात्र देऊन टाका. "लागेलच परत" असं रोज कपाट उघडताना स्वतःला ऐकवायचं कशाला?

थकव्याबरोबर मनही कशातच लागत नसेल, झोप उडाली असेल, आणि हे दोन आठवड्यांहून जास्त चाललं असेल, तर तेही डॉक्टरांना त्याच भेटीत सांगा. वजन उतरल्यावर सगळं बरं वाटेल असं धरून चालतात लोक, आणि तसं वाटलं नाही की सांगायची चोरी होते.

राहिली बायको. तिच्या बोलण्यात मला तुमच्या व्यायामाला विरोध दिसत नाही. दीड वर्ष तुमचं ताट वेगळं, तुमची वेळ वेगळी, बाहेर जेवायला जायचं तर तुमचं तोंड बारीक. तिलाही तिचा नवरा परत हवा असणार. रात्रीचं जेवण सगळ्यांनी एकत्र, तेच पदार्थ, तुमचं प्रमाण तुम्ही ठरवायचं, हे तर आजपासून करता येईल. आणि ती दहा मिनिटं तिला सोबत यायला आवडेल का, हे तुम्ही तिला विचारलंय का कधी? पत्रावरून तरी तसं वाटत नाही. ती नाही म्हणाली तर एकटे जा. पण विचारा.

– तुमची ताई