मोरियाच्या वाटेवरचा बाप

प्रश्न : लेंटच्या, म्हणजे ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळाच्या, दिवसांत आमच्या मंडळीत बायबलमधील उत्पत्तीचा बाविसावा अध्याय वाचला गेला. ज्या देवाला आपण प्रेमळ पिता म्हणतो, त्याने अब्राहामाकडे त्याचा मुलगा इसहाक होमबली म्हणून मागावा, हे दोन मुलांची आई म्हणून मला ऐकवत नाही. अब्राहामासारखा विश्वास माझ्यात नाही. माझी श्रद्धा उणी आहे का?
– एक वाचक भगिनी, खडकी, पुणे

उत्तर : भगिनी, तुमच्या अस्वस्थतेला मी श्रद्धेची उणीव म्हणणार नाही, कारण शास्त्रलेखही ही कथा सहजपणे सांगत नाही. तुझा मुलगा, तुझा एकुलता एक, तुझ्या प्रीतीचा इसहाक, असे एकेका शब्दाने काळीज पिळवटत देव बोलतो. आणि बायबलमध्ये प्रीतीसाठीचा हिब्रू शब्द सर्वप्रथम येतो तो याच वाक्यात. सदोम नगरासाठी पन्नास नीतिमानांपासून दहांपर्यंत देवाशी रदबदली करणारा अब्राहाम येथे मात्र अवाक्षर काढत नाही. तो मोरिया देशातल्या डोंगराकडे तीन दिवस चालतो, लाकडे मुलाच्या अंगावर देतो, विस्तव आणि सुरी स्वतःकडे ठेवतो, आणि कोकरू कोठे आहे असे मुलाने विचारल्यावर ते देव पाहून देईल, एवढेच म्हणतो. ‘देव पाहून घेईल’ असे आपण म्हणतो तेव्हा बहुधा जबाबदारी झटकत असतो. अब्राहामाने ते शब्द हातात सुरी असताना उच्चारले.

पण ती सुरी देवानेच थांबवली, हे विसरता कामा नये. पुण्याच्या कॅम्पातले 1867 मध्ये पूर्ण झालेले लाल देऊळ ज्यांचे प्रार्थनास्थळ आहे, त्या ज्यू बांधवांच्या परंपरेत या कथेला ‘अकेदा’, म्हणजे इसहाकाला वेदीवर ‘बांधणे’, म्हणतात. बलिदान म्हणत नाहीत, कारण इसहाकाचा बळी गेलाच नाही. मुले अग्नीत होमण्याविषयी यिर्मया संदेष्ट्याच्या ग्रंथाच्या सातव्या अध्यायात देव म्हणतो की, हे मी सांगितले नाही, ते माझ्या मनातही आले नाही. म्हणून या कथेच्या आधाराने घरातल्या सुनेकडून किंवा मुलीकडून कोणी त्याग मागत असेल, तर त्याने अध्याय अर्धाच वाचला आहे, असे मी स्पष्ट म्हणेन.

अब्राहामाने कोकरू म्हटले होते. मुलाऐवजी अर्पण करायला झुडपात सापडला तो एडका. ते कोकरू पुढे यायचे होते, असे ख्रिस्ती वाचक मानतात, आणि म्हणूनच बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाने येशूला देवाचा कोकरा म्हटले, तेव्हा त्यांना मोरिया आठवतो. देवाने स्वतःच्या पुत्राला राखून ठेवले नाही, असे प्रेषित पौल रोमकरांस लिहितो. जे अब्राहामाकडून घेतले नाही, ते देवाने स्वतः दिले. या प्रीतीपुढे माझे शब्द थिटे पडतात.

उरला तुमच्या विश्वासाचा प्रश्न. मार्काच्या शुभवर्तमानात आजारी मुलाचा बाप रडत म्हणतो की, माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका. येशूने त्याच्याकडे याहून मोठा विश्वास मागितला नाही. त्याने मुलाला बरे केले आणि हात धरून उठवले.