त्या बाल्कनीचं काय करायचं?

पत्र: ताई, सहा वर्षांपूर्वी आम्ही एक घर पाहिलं होतं. लांबट बाल्कनी, सकाळचं ऊन. मला फार आवडलं. नवरा म्हणाला, ‘दोन वर्षं थांबू, भाव उतरतील.’ ते चढतच गेले. काटकसर करून शिल्लक दुप्पट केली, तरी आज ते घर आवाक्याबाहेर आहे. रोज रात्री मी त्याच इमारतीच्या जाहिराती बघत बसते. विषय काढला की नवरा ‘आता त्याचं काय’ म्हणून कूस बदलतो. गेल्या महिन्यात धाकट्या जावेनं घर घेतलं, तिथे बाथरूममध्ये जाऊन रडले. – उशीर झालेली

उत्तर: आणि डोळे पुसून बाहेर आल्यावर ‘किचन किती छान झालंय’ म्हणालीस ना? मीही तेच म्हटलं असतं.

आधी हिशेब बघू. समजा, तुमच्या शिल्लकीबरोबर घराची किंमतही दुप्पट झाली. म्हणजे दोन्हींमधलं अंतरही दुप्पट झालं. तुम्ही कमी वाचवलंत असं नाही. व्याजदराची गंमत तर आणखी वेगळी. 20 वर्षांच्या कर्जाचा दर 9 वरून 8 टक्क्यांवर आला, तर तेवढ्याच हप्त्यात साधारण साडेसात टक्के जास्त कर्ज बसतं. पण ते तुम्हा दोघांनाच थोडंच बसतं! रांगेतल्या सगळ्यांनाच बसतं, घरं मात्र तेवढीच असतात. मग ती सवलत शेवटी विकणाऱ्याच्याच खिशात जाते.

आता नवरा. भाव उतरतात, हे त्याचं म्हणणं काही वेडेपणाचं नव्हतं. जपानमध्ये 1991 नंतर जमिनीचे भाव दहा वर्षांहून जास्त काळ उतरत राहिले. आयर्लंडमध्ये 2007 ते 2013 मध्ये घरांच्या किमती जवळजवळ निम्म्यावर आल्या. तिथे थांबलेला नवरा शहाणा ठरला असेल, तुझा नाही ठरला. त्याबद्दल मी त्याला दोष देणार नाही. कूस बदलण्याबद्दल मात्र देईन. ‘माझा अंदाज चुकला, तुझं घर गेलं’ एवढं त्यानं एकदा तोंडानं म्हटलं असतं, तर तू रात्री जाहिराती चाळत बसली नसतीस असं मला वाटतं. ते वाक्य माग त्याच्याकडे. भांडून नको, सरळ माग.

मी स्वतः पंधरा वर्षं भाड्याच्या घरांत काढली आणि प्रत्येक घर सोडताना खिळ्यांची भोकं टूथपेस्टनं बुजवली. त्यामुळे ‘भाड्याच्या घरातही मजा असते’ हे मी तुला ऐकवणार नाही. पण ‘आता नाही तर कधीच नाही’ म्हणत घाईनं कर्जात उडीही मारू नकोस. 9 टक्के दरानं 20 वर्षांचं कर्ज घेतलंस, तर पहिल्या हप्त्यातल्या दर 100 मधले 83 व्याजात जातात, मुद्दल फिटतं फक्त 17. असा हप्ता तुम्हाला खरंच झेपतो का, ते आधी जगून बघा. येणारा हप्ता आणि आजचं भाडं यातला फरक सहा महिने दर पहिल्या तारखेला वेगळ्या खात्यात टाका. तिसऱ्या महिन्यात त्या खात्याला हात लावावा लागला, तर उत्तर मिळालं. नाही लागला, तर लहान, जुनं किंवा लांबचं घर बघायला निघा. जाण्यायेण्याचा वेळ आणि खर्च हप्त्यातच धरा. आजारपणासाठी ठेवलेली शिल्लक डाउन पेमेंटमध्ये घालू नका. जावेनं घातली असली तरी.

राहिली ती इमारत. तिचे अलर्ट आजच बंद कर. नवं घर बघायला जाल तेव्हा त्याच्याशी तुलना होणारच, पण सहा वर्षांपूर्वीच्या भावानं आज कुणीच काही विकत नाही.

आणि एक दिवस नवऱ्याला सहज विचार, त्या घरातलं त्याला काय आठवतं. मला शंका आहे, तोही बाल्कनीच म्हणेल.