युव्हिआयटिसचा अभ्यास: नाव घालावं का?

प्रश्न: माझ्या मिस्टरांचा डोळा सारखा लाल होतो, उजेड सहन होत नाही, युव्हिआयटिस म्हणजे डोळ्याच्या आतली सूज आहे म्हणाले. स्टिरॉइडच्या गोळ्या कमी केल्या की परत उलटतं. आता डॉक्टर म्हणतायत एका अभ्यासात नाव घाला, दोन औषधांपैकी कोणतं मिळणार ते कॉम्प्युटर ठरवणार. सासूबाई म्हणतात आपल्यावर प्रयोग करतायत. काय करू? (एक वाचक, सांगली)

उत्तर: ताई, सासूबाईंना भीती वाटणं साहजिक आहे, पण कॉम्प्युटरने का ठरवायचं ते आधी बघा. डॉक्टरांनीच निवडलं तर ज्याचा आजार जास्त त्याला त्यांच्या भरवशाचं औषध जातं, आणि मग गुण कशामुळे आला, औषधामुळे की मुळात पेशंटच बरा होता म्हणून, ते शेवटपर्यंत कळत नाही.

याचं चांगलं उदाहरण आपल्याकडचंच आहे. मदुराईच्या अरविंद हॉस्पिटलसह भारत, अमेरिका, ऑस्ट्रेलिया, सौदी आणि मेक्सिकोतल्या सेंटर्समध्ये 216 पेशंट घेऊन मेथोट्रेक्सेट आणि मायकोफेनोलेट या, स्टिरॉइड कमी करता यावं म्हणून देतात त्या दोन औषधांची तुलना केली, निकाल 2019 मध्ये आला. मायकोफेनोलेट सरस असं बऱ्याच डॉक्टरांना वाटायचं आणि ते महागही आहे, पण सहा महिन्यांनी मेथोट्रेक्सेटवाल्या 66.7 टक्के लोकांची सूज आटोक्यात होती आणि दुसऱ्या गटात 57.1 टक्के, म्हणजे महागडं औषध सरस ठरलंच नाही. मला हे फार मोलाचं वाटतं, कारण आपल्या लोकांना वर्षानुवर्षं औषध विकत घ्यायचं असतं.

अभ्यासात तपासणी पण काटेकोर असते. स्लिट लॅम्पच्या, म्हणजे डोळा मोठा करून बघायच्या यंत्राच्या, 1 मिलिमीटरच्या झोतात डोळ्यातल्या पाण्यात तरंगणाऱ्या पेशी, कवडशातल्या धुळीसारख्या दिसतात, त्या चक्क मोजतात, आणि त्यावरून सुजेची पायरी ठरते, 6 ते 15 दिसल्या तर 1 प्लस, 50 च्या वर गेल्या तर 4 प्लस. आणि बऱ्याच अभ्यासांत मोजणाऱ्या डॉक्टरला पेशंट कुठल्या औषधावर आहे ते मुद्दाम सांगत नाहीत, त्यामुळे मिस्टरांना पण तिथे तोंड बंद ठेवायला सांगतील.

सही करायच्या आधी मात्र विचारा की एथिक्स कमिटीची (पेशंटचं हित बघणाऱ्या समितीची) परवानगी आहे का, सीटीआरआयचा (अशा अभ्यासांच्या सरकारी नोंदवहीचा) नंबर काय, दोन्ही औषधं आधीपासून वापरातली आहेत का, रक्ताच्या तपासण्यांचा खर्च कोण करणार, त्रास झाला तर उपचार कोण देणार. संमतीचा कागद मराठीत मागा, घरी आणा, सासूबाईंना वाचून दाखवा. मधेच सोडायचं असेल तर कधीही सोडता येतं आणि त्यासाठी नेहमीचे उपचार बंद करता येत नाहीत. पण न सांगता जाणं बंद करू नका, औषध अचानक थांबलं तर डोळा परत पेटू शकतो.

आणि मेथोट्रेक्सेट वाट्याला आलं तर ते आठवड्यातून एकदाच असतं, रोज घेतलं तर जिवावर बेतू शकतं. वार ठरवून कॅलेंडरवर लिहा, फॉलिक अॅसिड डॉक्टर सांगतील तसं, दारू बंद, आणि लिव्हरची व रक्ताची तपासणी चुकवू नका.